ठरवून हरणारे असे हरत नाहीत

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला माझ्या भाचीने क्रिकेटच्या सरावाला जायचं म्हणून सोप्यावर बसून बुटांच्या नाड्या बांधल्या. मग सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. भावोजी स्कूटर काढत नव्हते. ते ओरडले नाहीत, ‘जायचं नाही’ असंही म्हणाले नाहीत. नुसते पेपर वाचत बसले. पावणेआठला पोर उठली, बूट दाराआड ठेवले आणि आत जाऊन झोपली. हे ताईने मला फोनवर सांगितलं आणि वर म्हणाली, “तो ग्रुपवरचा मेसेज वाचलास ना? तेव्हापासून यांच्या डोक्यात बसलंय.”

मेसेज मी वाचला नव्हता. कुटुंबाच्या ग्रुपवर सकाळची फुलं आणि रात्रीचे दिवे येतात, त्यांतलंच काही असेल म्हणून सोडून दिला होता. वर जाऊन शोधला. ‘महिला लीगचं काळं सत्य’ असा मथळा, पुढे तीन लाल दिवे, आणि खाली सात मुद्दे. मुद्दे थोडक्यात असे. एक, ही लीग (महिला प्रीमियर लीग, म्हणजे बायकांचं आयपीएल) २०१८ पासूनची आहे आणि जुन्या विजेत्यांची नावं मुद्दाम पुसली. दोन, विजेते आधीच ठरलेले असतात. मुंबईला दोनदा, बंगळूरला एकदा जिंकवलं आणि दिल्लीला तिन्ही वेळा ‘हरायला सांगितलं’. तीन, जिंकून देतात त्या परदेशी बायका, आपल्या मुली नुसत्या क्षेत्ररक्षणाला. चार, सीमारेषेची दोरी आत घेतलेली आणि चेंडू हलका, म्हणून हे क्रिकेटच नव्हे. पाच, विजेत्यांना पुरुषांइतकेच वीस कोटी, आणि तेही तुमच्याआमच्या करातून. सहा, बंगळूरने पदार्पणातच चषक उचलला, हाच फिक्सिंगचा पुरावा. सात, गोव्याची एकही मुलगी तिथे पोचलेली नाही, पोचणारही नाही. तेव्हा पालकांनो, वेळीच जागे व्हा. शेवटी नेहमीप्रमाणे ‘अकरा जणांना पाठवा’.

मी काही क्रिकेटचा पंडित नव्हे. डिचोली, पेडणे, सत्तरी या पट्ट्यात शेतं कापून झाली की ज्या टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात, त्यांचा स्कोअर मी तीसेक वर्षं लिहीत आलो आहे. फणसाखाली प्लास्टिकची खुर्ची, मांडीवर पुठ्ठा, कानाला पेन्सिल. त्यामुळे मला एक खोड लागली आहे. कोणी ‘मॅच अशी झाली, तशी झाली’ म्हणाला की मी आधी स्कोअरकार्ड मागतो. इथेही तेच केलं. महिला प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२५ असे तीन हंगाम झाले, म्हणजे अंतिम सामने तीनच. तिन्हींची स्कोअरकार्डं कुणालाही फोनवर फुकट बघता येतात. ज्याने तो मेसेज लिहिला त्यालाही बघता आली असती.

किरकोळ मुद्दे आधी झटकतो.

सहावा सरळ खोटा. बंगळूर पदार्पणात जिंकलं नाही. २०२३ च्या पहिल्या हंगामात ते ओळीने पहिले पाच सामने हरले. आठपैकी दोन जिंकून पाचात चौथे आले. कर्णधार स्मृती मानधना त्या लिलावातली सगळ्यात महाग खेळाडू, ३ कोटी ४० लाखांची, आणि संघाची ही दशा. चषक आला तो दुसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये. पुढे बोलण्यासारखं त्यात काही नाही.

पाचवाही खोटा. विजेत्या महिला संघाला ६ कोटी मिळतात, उपविजेत्याला ३ कोटी. वीस कोटी पुरुषांच्या आयपीएल विजेत्याला. करातून म्हणाल तर उलट बघा, पाच संघ विकूनच क्रिकेट बोर्डाने ४,६६९ कोटींवर रक्कम ठरवून घेतली आणि पहिल्या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांचे ९५१ कोटी वेगळे. तुमच्या घरपट्टीतला एक पैसा तिकडे गेलेला नाही, शांत झोपा.

चौथ्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष हास्यास्पद. महिलांचा चेंडू १४० ते १५१ ग्रॅमचा असतो, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३. दोरीही आत असते. यात लपवण्यासारखं काय आहे? नियमपुस्तकात छापलेलं आहे. व्हॉलीबॉलची जाळी पुरुषांना २.४३ मीटर आणि महिलांना २.२४. आमच्या गावच्या व्हॉलीबॉलच्या रात्री हेच फॉरवर्डवाले पुढच्या रांगेत खुर्च्या अडवून बसतात, तेव्हा जाळी मोजायला कोणी उठत नाही.

पहिला मुद्दा. इथे मला नाइलाजाने थोडं मागे यावं लागतं, कारण तो अर्धा खरा आहे. २०१८ मध्ये २२ मे रोजी वानखेडेवर महिलांचा एक प्रदर्शनी सामना झाला होता, सुपरनोव्हाज विरुद्ध ट्रेलब्लेझर्स. सुपरनोव्हाज शेवटच्या चेंडूवर जिंकल्या. २०१९ मध्ये जयपूरला तीन संघ झाले, तिसरा व्हेलॉसिटी, पुन्हा सुपरनोव्हाज. २०२० मध्ये कोविडमुळे स्पर्धा शारजाला गेली आणि स्मृतीच्या ट्रेलब्लेझर्सनी १६ धावांनी चषक नेला. २०२१ ला स्पर्धाच झाली नाही. २०२२ मध्ये पुण्यात सुपरनोव्हाज परत, चार धावांनी. म्हणजे हरमनप्रीत कौरच्या संघाकडे तीन आणि स्मृतीच्या संघाकडे एक, असा त्या जुन्या स्पर्धेचा हिशेब. ही नावं फारशी कुणी घेत नाही, हे खरं, आणि मलाही त्याचा राग येतो. शारजाच्या अंतिम सामन्यात राधा यादवने १६ धावांत ५ बळी घेतले होते आणि तरी तिचा संघ हरला. असली कामगिरी विसरली जाणं वाईटच. पण ती स्पर्धा म्हणजे ही लीग नव्हे. तिथे मालक नव्हते, लिलाव नव्हता, तीन-चार सामन्यांत सगळं आटोपायचं. एखाद्याने शाळेच्या गॅदरिंगला व्यावसायिक नाटक कंपनीचा पहिला प्रयोग म्हणावं, तसं हे झालं. आणि ‘पुसली’ काय? मला शोधायला दोन मिनिटं लागली.

आता मुख्य मुद्द्याकडे, दुसऱ्या. हा वाचून मी खरं तर हसलो होतो. मग भाचीचे बूट आठवले आणि हसू गेलं.

ठरवलेली मॅच कशी दिसते ते मला ठाऊक आहे, कारण एकदा मी तिचा स्कोअर लिहिलेला आहे. पेडण्याकडच्या एका गावात दोन संघ आधीच पुढच्या फेरीत गेलेले. त्यांच्यातला जिंकणारा पुढे दांडग्या संघाशी भिडणार, हरणारा कच्च्या संघाशी. त्यामुळे दोघांनाही हरायचं होतं. मी एका षटकात अकरा वाइड लिहिले. एक फलंदाज पुढे चालत गेला तो जवळजवळ बोलरशी हात मिळवायलाच, आणि किपरने स्टंपिंग सोडलं, कारण त्यालाही हरायचंच होतं! शेवटी दोन्ही कर्णधारांवर गावातल्या बायकांनी अशी काही तोंडं सोडली की पुढच्या दोन षटकांत मॅच आपोआप खरी झाली. सांगायचं इतकंच, की ज्यांना हरायचं असतं ते कष्ट घेत नाहीत. ऊन असतं, तहान लागलेली असते, लवकर हरून घरी जायचं असतं.

हे डोळ्यांपुढे ठेवून २६ मार्च २०२३ चं स्कोअरकार्ड उघडा. ब्रेबॉर्न स्टेडियम, पहिला अंतिम सामना, मुंबई विरुद्ध दिल्ली. नाणेफेक दिल्लीच्या मेग लॅनिंगने जिंकली आणि फलंदाजी घेतली. सोळा षटकांत दिल्लीची अवस्था ९ बाद ७९. उभ्या कोण, तर शेवटची जोडी, शिखा पांडे आणि राधा यादव. उरले २४ चेंडू. स्क्रिप्ट असेल तर हीच ती वेळ. एकीने उंच मारायचं, आउट व्हायचं, कॅमेऱ्यापुढे खांदे पाडायचे, ७९ वर सगळं संपलं. मुंबईने बारा-तेरा षटकांत काम उरकलं असतं आणि कोणाला संशयही आला नसता, अकराव्या क्रमांकाची बाई आउट झाली तर कोण संशय घेतो?

झालं काय? त्या २४ चेंडूंत या दोघींनी ५२ धावा काढल्या. शिखाच्या १७ चेंडूंत २७, राधाच्या १२ चेंडूंत २७, दोघीही नाबाद. दिल्ली ९ बाद १३१. त्या ५२ धावांमुळे सामना कुठे गेला बघा. नॅट सिव्हर-ब्रंटने ५५ चेंडूंत नाबाद ६० केल्या, हरमनप्रीतने ३७, आणि तरीही मुंबईला जिंकायला १९.३ षटकं लागली. म्हणजे फक्त तीन चेंडू शिल्लक. हरायला सांगितलेल्या संघाची शेवटची जोडी सामना शेवटच्या षटकापर्यंत ओढून नेते, तर मग सांगणाऱ्याचं कोणी ऐकलं नाही असं म्हणावं लागेल.

मेसेजसोबत एक क्लिप आहे. याच सामन्यातली. इसी वाँगच्या फुलटॉसवर, म्हणजे टप्पा न पडता थेट आलेल्या चेंडूवर, शफाली वर्मा झेलबाद होते, आणि क्लिपवर कोणीतरी लाल गोल काढून ‘नो-बॉल!!’ लिहिलंय. क्लिप खरी आहे. मला स्वतःला पहिल्यांदा पाहताना तो चेंडू काठावरचा वाटला होता, खोटं कशाला बोलू. पण क्लिप जिथे कापली आहे, त्याच्या लगेच पुढे काय होतं ते महत्त्वाचं. शफालीने दाद मागितली. वाइड आणि नो-बॉलवरही दाद मागता येण्याची सोय या लीगने पहिल्याच हंगामात दिली होती. तिसऱ्या पंचाने उंची पाहिली, चेंडू खाली येत होता, निर्णय कायम. त्याच षटकात ॲलिस कॅप्सीही फुलटॉसवरच गेली, पुढे जेमिमा रॉड्रिग्जही तशीच. इतक्या वाईट चेंडूंवर इतके चांगले बळी मिळणं हा वाँगचा दैवयोग म्हणा, पण टेनिस बॉलवाल्या कोणालाही विचारा, सगळ्यात जास्त झेल फुलटॉसवरच जातात. हात सुटतो, डोळे मोठे होतात आणि चेंडू सरळ पॉइंटच्या हातात.

आणि एक क्लिप मेसेजमध्ये नाही, ती मी सांगतो. १५ फेब्रुवारी २०२५, वडोदरा, पुन्हा मुंबई आणि दिल्ली. दिल्लीच्या डावाच्या शेवटी तीन धावबादचे निर्णय तिसऱ्या पंचांकडे गेले: शिखा पांडे, राधा यादव आणि अरुंधती रेड्डी. यष्ट्यांवरच्या बेल्सचे दिवे कधी लागले आणि बेल्स पूर्ण सुटल्या कधी, यातल्या फ्रेमवरून मोठा वाद झाला. दिवे लागलेली फ्रेम धरली असती तर गणित वेगळं झालं असतं असं बरेच जण म्हणाले. तिन्ही निर्णय दिल्लीच्या बाजूने लागले आणि दिल्ली शेवटच्या चेंडूवर दोन गड्यांनी जिंकली. आता सांगा, मुंबईला जिंकवणारी स्क्रिप्ट त्या दिवशी कुठे होती? सुट्टीवर? वाद झाला तो पंचांच्या चुकीचा किंवा नियमाच्या अर्थाचा. चूक आणि कट यांतला फरक गावच्या पंचालाही कळतो, म्हणून तर तो चुकतो आणि तरी दुसऱ्या दिवशी चहाला बोलावला जातो.

२०२४ कडे या. १७ मार्च, आणि मैदान दिल्लीचं, अरुण जेटली स्टेडियम. समोर बंगळूर. दिल्लीच्या लोकांनी भरलेलं मैदान, नाणेफेक पुन्हा लॅनिंगची, पुन्हा फलंदाजी. सात षटकांत बिनबाद ६४. शफाली २७ चेंडूंत ४४ वर. मग सोफी मॉलिन्यू आठवं षटक टाकायला आली आणि चार चेंडूंत तीन बळी गेले. शफाली सीमारेषेवर झेलबाद, जेमिमा त्रिफळाचीत, कॅप्सी त्रिफळाचीत. त्यानंतर श्रेयांका पाटीलने १२ धावांत ४ बळी घेतले आणि बिनबाद ६४ वरून दिल्ली सर्वबाद ११३. बंगळूरनेही ते काही थाटात नेलं नाही. ११४ करायला त्यांनी १९.३ षटकं घेतली, एलिस पेरी एका बाजूला ३५ वर नाबाद. या बंगळूरला तिथे पोचायलाही दोन दिवस आधी मुंबईला हरवावं लागलं होतं, पाच धावांनी. शेवटच्या षटकात मुंबईला १२ हव्या होत्या आणि चेंडू आशा शोभनाच्या हातात होता. स्क्रिप्ट मुंबईच्या बाजूची असती तर तिथेच संपायला हवं होतं, नाही का?

तिसरा अंतिम सामना १५ मार्च २०२५ चा, परत ब्रेबॉर्नवर, परत मुंबई-दिल्ली. लॅनिंगने तिसऱ्यांदा नाणेफेक जिंकली, या वेळी गोलंदाजी घेतली. हरमनप्रीतच्या ४४ चेंडूंत ६६, मुंबई ७ बाद १४९. मॅरिझान कॅपने दिल्लीकडून ११ धावांत २ बळी घेतले आणि नंतर २६ चेंडूंत ४० मारल्या. दिल्ली ९ बाद १४१, आठ धावांनी हार.

तीन अंतिम सामने, तिन्ही वेळा नाणेफेक जिंकणारा संघच हरला, आणि तिन्ही निकाल शेवटच्या षटकात. ज्याला हे ‘आधी ठरलेलं’ वाटतं, त्याने एकदा माझ्या शेजारी बसून स्कोअर लिहावा.

दिल्ली तिन्ही वर्षं गुणतक्त्यात पहिली होती, हे मेसेजवाला पुरावा म्हणून देतो. पहिली आणि तरी तीनदा हरली, म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं! पण या लीगमध्ये पहिला संघ थेट अंतिम फेरीत जातो, दुसरा आणि तिसरा आपसांत एलिमिनेटर खेळतात. तिन्ही वर्षी विजेता एलिमिनेटरमधून आला. मुंबईने २०२३ मध्ये यूपीला ७२ धावांनी आणि २०२५ मध्ये गुजरातला ४७ धावांनी हरवून अंतिम फेरी गाठली. म्हणजे दिल्ली विश्रांती घेऊन थंड अंगाने यायची आणि समोरचा संघ नुकताच भिडून, गरम होऊन. याचा फायदा होतो की तोटा यावर वाद घाला, रात्रभर घाला, मीही येतो. मुंबईला दोन्ही वेळा घरचं मैदान मिळालं हेही कबूल, पहिल्या वर्षी तर अख्खी स्पर्धाच मुंबई आणि नवी मुंबईत होती. तो अन्याय म्हणायचा असेल तर म्हणा. पण मग दिल्ली दिल्लीतच हरली त्याचं काय करायचं?

तिसरा मुद्दा परदेशी खेळाडूंचा. यातही थोडं खरं आहे आणि ते मला आवडत नाही. हंगामातल्या सर्वाधिक धावा तिन्ही वर्षं परदेशी खेळाडूंच्या: लॅनिंग, पेरी, सिव्हर-ब्रंट. सिव्हर-ब्रंटने तर २०२५ मध्ये ५२३ धावा आणि १२ बळी, म्हणजे एकटीनेच दोघींचं काम केलं. पण एका संघात परदेशी चारच खेळू शकतात, कसोटी न खेळणाऱ्या सहयोगी देशातली असेल तर पाचवी. उरलेल्या सहा-सात काय दोरीबाहेर पाणी घेऊन उभ्या असतात? २०२४ मध्ये सर्वाधिक बळी श्रेयांकाचे, २०२५ च्या अंतिम सामन्यात सामनावीर हरमनप्रीत. पहिल्या वर्षी मुंबईच्या विजयात कोलकात्याच्या सायका इशाकचे १५ बळी होते, आणि लिलावात ती गेली होती १० लाखांना, म्हणजे जवळपास कोणालाच नको होती. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला, तेव्हा शफालीच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे ५ बळी कोणत्या परदेशातून आणले होते?

राहिला सातवा. बाकी सहा मुद्दे मी सोडून दिले असते. या सातव्यासाठी हे लिहायला बसलो.

‘गोव्याची एकही मुलगी नाही.’ वर ९ बाद ७९ वरून जी राधासोबत खेळत होती, ती कोण? शिखा पांडे. तिचा जन्म गोव्यातला नव्हे, तेलंगणातला, हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर कोणी तेवढंच धरून बसेल. पण ती वाढली गोव्यात, शिकली गोव्यात, गोव्याकडून खेळत भारतीय संघात गेली. २०१४ मध्ये भारताकडून पहिला सामना. २०१७ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवरचा अंतिम सामना, २०२० ला मेलबर्नवर ८६ हजार लोकांपुढचा अंतिम सामना. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात अलिसा हिलीचा तिने जो त्रिफळा उडवला, तो चेंडू बाहेर पडून इतका आत आला की अजून लोक तो थांबवून थांबवून बघतात. माझी भाची तर तो भिंतीवर बघते. म्हणजे फोन भिंतीला टेकवून ठेवते आणि समोर उभी राहून मनगट तसं फिरवते. त्यांच्या गडग्याच्या चिऱ्यांवर गुडघ्याच्या उंचीला चेंडूचे इतके ठसे आहेत की तिथलं शेवाळ पावसाळ्यातही टिकत नाही.

कोणी म्हणेल, एकच नाव? हो, एकच घेतलं. पण मेसेजमध्ये ‘एकही नाही’ असं आहे. शून्य आणि एक यांतला फरक काय असतो ते स्कोअररला विचारा. शून्यावर गेलेला माणूस एका धावेसाठी आठवडाभर भांडतो.

आणि भावोजी, हे खास तुमच्यासाठी, कारण तुमची खरी भीती अभ्यासाची आहे हे मला माहीत आहे, मेसेज नुसतं निमित्त. ही शिखा पांडे फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयातून इंजिनियर झाली. तुम्ही रोज कामाला जाताना ज्या चढावर गिअर बदलता ना, त्याच चढावरचं कॉलेज. इंजिनियर झाल्यावर ती हवाई दलात अधिकारी झाली, विमानांची ये-जा सांभाळणारी, आणि हे सगळं करता करता क्रिकेट खेळली. २०२३ च्या पहिल्या लिलावात दिल्लीने तिला ६० लाखांना घेतलं. त्याच वर्षानंतर ती भारतीय संघात दिसलेली नाही. लोकांनी म्हटलं, झालं, संपली. २७ नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लिलाव झाला. छत्तीस वर्षांची, भारतीय संघाबाहेरची मध्यमगती गोलंदाज. यूपीने तिला २ कोटी ४० लाखांना घेतलं. चौथा हंगाम ९ जानेवारी २०२६ पासूनचा.

मी असं म्हणत नाही की आपली पोर तिथे जाईल. तेरा वर्षांची आहे, अजून रन-अपला तीनदा पाय चुकतो, आणि रागावली की बाउन्सर टाकायला जाते. गोव्यात या लीगचा एकही सामना होत नाही. सरावाला जायचं तर कोणीतरी सोडायला लागतं, कारण रविवारी सकाळी आपल्या बाजूला बस मिळणं म्हणजे लॉटरी. ही सगळी कारणं खरी आहेत. यांतलं कोणतंही कारण सांगून तुम्ही तिला थांबवलं असतं, तर मी भांडलो असतो पण हे असं लिहीत बसलो नसतो. पण ‘सगळं ठरलेलं असतं’ असं तिला सांगितलंत. ती गोलंदाज आहे. चेंडू हातातून सुटल्यावर काय होईल ते कोणालाच माहीत नसतं, एवढ्या एका गोष्टीवर ती उन्हात दोन-दोन तास उभी राहते.

हे सगळं मी मंगळवारी रात्री ग्रुपवर टाकलं, खाली तिन्ही अंतिम सामन्यांची स्कोअरकार्डं जोडून. पहिला प्रतिसाद एका मावशीचा, कमळाचं फूल. दुसरा, ज्याने मूळ मेसेज पाठवला होता त्या चुलत भावाचा: ‘मी फक्त फॉरवर्ड केलं होतं.’ भाचीने फक्त एक प्रश्न मला वेगळा पाठवला: “मामा, ९ बाद ७९ असताना शिखा स्ट्राइकवर होती की राधा?”

भावोजींचं उत्तर रात्री अकराला आलं. ‘पाऊस नसला तर रविवारी सोडतो.’

डिसेंबर चालू आहे.